ब्रेकखालचं लिंबू

माझी शाळा चौथीपर्यंत. पण गाडीबद्दल मला कोणी शिकवू नये, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. कारखान्याच्या कामगारांची बस बत्तीस वर्षं चालवली, कुणाला साधी घासली नाही. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता लोकच माझं वाक्य पुरं करतात.

त्यामुळे नातीचं खूळ मला पटेना. कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर खुर्ची, टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाखाली खोटी पेडल. कॉलेजातून आली की शर्यती सुरू. मी दारात उभा राहून विचारायचो, "पोचलीस का गं मुंबईला?"

ती मान न वळवता म्हणायची, "केव्हाच. तुम्ही अजून चांदणी चौकातच आहात, आजोबा."

एक दिवस कळलं, पडद्यावरच्या शर्यतीतून तिची निवड झाली आहे. वाघोलीच्या पुढे कार्टिंगचा ट्रॅक आहे. तिथे अशा आठ जणांना खऱ्या गाडीवर दोन-दोन पाळ्या देणार, आणि त्यातल्या एकालाच शर्यतीच्या संघात घेणार. तिचे आईवडील नोकरीवर, म्हणून सोबत मी गेलो. खरं सांगायचं तर तिची फजिती बघायला गेलो.

कार्ट म्हणजे एक लोखंडी चौकट, एक सीट आणि इंजिन. ना दार, ना छप्पर. पहिल्या पाळीत ती वळणाच्या इतक्या तोंडाशी येऊन ब्रेक मारायची, की कठड्यामागे माझाच पाय जमिनीत दाबला जायचा. चुकली मात्र एकदाही नाही. आठ जणांत सगळ्यात कमी वेळ तिचा. तिचं अंग आणि डांबर यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. फजिती बघायची हौस फिटली, आता ती धड परत यावी एवढंच वाटू लागलं.

दुसऱ्या पाळीआधी सगळे पाणी प्यायला गेले. निघताना बायकोने माझ्या खिशात लिंबू घातलं होतं. नवी गाडी रस्त्यावर काढताना लिंबू चाकाखाली चिरडायचं, हे मी दर वेळी केलंय. इथे चाकाखाली ठेवलं असतं तर ती पोरं हसली असती. म्हणून कोणी बघत नाही असं पाहून मी ते सीटच्या कडेला फटीत दाबलं.

तिसऱ्या वळणावर तिचा ब्रेक लागला नाही. कार्ट सरळ टायरच्या भिंतीत घुसली. ती स्वतः उठून उभी राहिली, तोवर मी कठडा ओलांडून धावलो होतो. मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही. ट्रॅकवरचे शिकवणारे सर धावले, वाकले, आणि ब्रेकच्या पेडलमागून त्यांनी फुटलेलं लिंबू काढलं. हादऱ्यांनी ते सीटच्या फटीतून सुटून घरंगळत तिथे गेलं होतं.

ड्रायव्हरच्या पायाशी सुटी वस्तू नको, हे मला सांगायला हवं होतं? पाण्याची बाटली तिथे ठेवली म्हणून मी एका क्लीनरला भर रस्त्यात खाली उतरवलं होतं.

"हे कुणी ठेवलं?" सरांनी विचारलं.

मी पाच पावलांवर होतो. तिने लिंबाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी, सर. सवय आहे."

"ब्रेकपाशी?"

"चूक झाली."

एक पोरगा म्हणाला, "घरी कॉम्प्युटरला मिरच्या पण बांधतेस काय?" सगळे हसले. मी चष्मा पुसत राहिलो. तो आधीच स्वच्छ होता.

तिला बाद केलं. थोड्या वेळाने दुसऱ्याचं नाव जाहीर झालं. ती रिक्षा बघायला गेली, तेव्हा मी मागे फिरलो आणि सरांना खरं ते सांगितलं. माझ्या निम्म्या वयाचे गृहस्थ. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आजोबा, तेव्हाच बोलला असतात तर तिला पाळी परत दिली असती. आता त्या मुलाची करारावर सही झाली."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे शब्द मी याआधी कुणापुढे बोलल्याचं आठवत नाही. आता त्यांचा उपयोगही नव्हता.

रिक्षात मी विचारलं, "स्वतःवर का घेतलंस?"

"तुम्हाला हसले असते."

"तुला हसले ना."

"मला सवय आहे. तुम्ही रोज दारात उभे असता."



वर्षाने ती पुन्हा पहिल्यापासून सगळ्यातून गेली आणि निवडली गेली. आता संघाची गाडी घेऊन खऱ्या शर्यतींत उतरते. मधलं तिचं वर्ष मी खाल्लं. लोक अभिनंदन करायला येतात, "रक्तातच आहे" म्हणतात, एरवी हे ऐकून मी छाती फुगवली असती; आता उठून आत जातो.

परवा शर्यतीला निघताना ती दारात थांबली. म्हणाली, "आजोबा, येताय ना? आधी खिसे दाखवा."

ती थट्टा करत होती. मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.