तळाचं पाणी

सरकारी प्रयोगशाळेतले गुणवंत चिटणीस तळ्यांचं पाणी नेहमी काठावरूनच बाटलीत भरत. सत्त्याण्णव साली फरिदाबादजवळच्या एका मत्स्यतळ्याचं पाणी त्यांनी तसंच तपासून ओढ्यात सोडायला ‘योग्य’ ठरवलं. पण तळं रिकामं करताना पाणी तळाच्या पाइपातून सुटतं. ते काळं, कुजकं पाणी ओढ्यातून खालच्या गावात मासे पाळणाऱ्या रामरतीच्या तळ्यात गेलं आणि तिचे सगळे मासे मेले.

“बाबूजी, पास तो आपने ही किया था,” ती म्हणाली.

चिटणीसांनी त्या मत्स्यतळ्यात उरलेल्या पाण्यात दगड बांधून बाटली तळाशी सोडली, दोरीनं बूच ओढलं. बाटली वर येताच सडक्या अंड्यांचा वास सुटला.

त्यांचे मराठी साहेब हसले, “अहो, दोन महिन्यांत रिटायर होताय. छोडो ना!”

चिटणीसांनी स्वतःची चूक लिहून नवा अहवाल दिला. काही आठवड्यांनी त्याची प्रत घेऊन ते रामरतीच्या गावात पोचले, तेव्हा तिच्या बुजवलेल्या तळ्यावर नव्या कॉलनीचे प्लॉट आखले जात होते.