दातात धरायचा टॉर्च

माझं हत्यारांचं दुकान आहे. पाने, पक्कड, ड्रिल, खिळे, आणि काचेच्या कपाटात टॉर्च. टॉर्च घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं, हे मला पाठ झालंय. ते टॉर्च लावतं, स्वतःच्याच डोळ्यात मारून घेतं, "बापरे!" म्हणतं आणि घेऊन जातं. जितका डोळ्यांपुढे अंधार येईल तितका माल चांगला, अशी लोकांची समजूत आहे आणि माझं दुकान त्यावर बरं चालतं.

या बाबतीत मला छळणारा माणूस एकच, माझे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक. सगळं आयुष्य उंच इमारतींच्या पोटात, अंधारात गेलं. या माणसाचं तोंड हळूहळू बंद होत चाललं होतं आणि ते घरात कुणाला कळायच्या आधी माझ्या काउंटरवर कळलं, टॉर्च निवडता निवडता. कळलं ते वेळेत कळलं का, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शेवटी येईल, पण फार आशा ठेवून वाचू नका.

दाजी टॉर्च हातात धरत नसत, दातात धरत. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहिलं की एक हात दांडीला आणि एक हात पान्याला, तिसरा हात देवाने दिलेला नाही. मग उजेड धरायला उरतं ते तोंड. सगळे मेकॅनिक असंच करतात. दाजींच्या टॉर्चच्या शेपटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असायची, धातू दातांना लागू नये म्हणून. त्या रबरावर त्यांच्या दातांचे ठसे उमटलेले असत आणि ताई तो टॉर्च दोन बोटांत उचलायची, मेलेल्या पालीसारखा.

नवा टॉर्च घ्यायचा म्हणजे दाजींची अर्धी दुपार जायची. आधी ते तो माझ्या पांढऱ्या भिंतीवर मारून बघत. मधे भगभगीत ठिपका आणि कडेला काळं कडं पडलं की बाद. मग हाताला ग्रीस लावून बटण दाबून बघत. मग छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकत. इथे मी डोळे मिटून घ्यायचो.

"दाजी, हा बघा, याचा झोत पार समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जातो."

"गच्चीवर काय ठेवलंय माझं? मला वीतभर अंतरावरचं बघायचं असतं. तिथे हा लावला तर लोखंड असं चमकेल की चीर असली तरी दिसायची नाही. मंद होणारा दाखव."

आणि सगळ्यात शेवटी तो तोंडात. मी दर वेळी म्हणायचो, "चावलेला माल परत घेतला जात नाही." दर वेळी ते टॉर्च दातात धरून काहीतरी पुटपुटायचे. ती शिवी असायची.

त्यांना दुसरी सवय होती तंबाखूची. डाव्या गालात गोळी ठेवायची आणि कामाला लागायचं. ताई ओरडायची, मी ओरडायचो, त्यांची मुलगी तर पुड्या शोधून संडासात ओतायची. त्यांचा कामावरचा जोडीदारही तेच खायचा. त्याच्या गालाचं ऑपरेशन झालं, अर्धा चेहरा आत ओढला गेला, आणि नंतर तो फार दिवस राहिला नाही. तेव्हा दाजींनी तंबाखू एकदम बंद केली. आम्ही सगळे खूश झालो. चला, माणसाला अक्कल आली!

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दाजी दुकानात आले आणि म्हणाले, "याच्यापेक्षा बारीक दाखव."

त्यांचा जुना टॉर्च अंगठ्याहून जाड होता आणि उत्तम चालत होता. मी विचारलं, याला काय झालं? ते म्हणाले, नव्या लिफ्टमधल्या पेट्या अरुंद असतात, सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं, जाड टॉर्च आडवा येतो. मला ते इतकं पटलं की मी पुढे तेच इतर मेकॅनिकांना ऐकवून बारीक टॉर्च विकायला लागलो.

"आणि लाल रंग लाल दिसला पाहिजे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या या निळसर उजेडात लाल आणि तपकिरी सारखंच दिसतं. लोखंडी दोर आतून झिजायला लागला की त्याच्यावर लाल पूड येते. या उजेडात ती साधी धूळ वाटते. धूळ समजून माणूस पुढे जातो."

मी पिवळसर उजेडाचे चार टॉर्च काढले. आम्ही दोघं मागच्या खोलीत दार लावून बसलो आणि लाल वायर, तपकिरी वायर, गंजका खिळा असं एकेक त्या उजेडात धरून बघितलं. मला मजा वाटली. शेवटी दाजींनी एक निवडला, स्वतःच्या तळहातावर मारला आणि बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. "हा चालेल," म्हणाले. तो त्यांनी दातात धरून बघितला नाही. मी चावलेल्या मालाचं बोलायची वाटच बघत होतो, ते राहून गेलं.

वर्षही झालं नसेल, ते परत आले. आणखी बारीक हवा होता.

मी म्हटलं, "आता याहून बारीक म्हणजे पेन्सिलच. त्यापेक्षा कपाळावर बांधायचा दिवा घ्या. सगळे घेतात. तोंडही मोकळं राहील."

"हेल्मेटवर बसत नाही."

"बसतो. पट्टा येतो त्याला."

"मला नको." आवाज चढला नाही, पण शब्द दातांतून घासून आल्यासारखे आले. माझ्या लक्षात आलं की ते हल्ली असेच बोलतात. मी त्याला म्हातारपणाचा चिडकेपणा समजत होतो.

मी सगळ्यात बारीक टॉर्च काढून दिला. करंगळीपेक्षा थोडा जाड. त्यांनी तो तोंडाकडे नेला आणि तो पुढच्या दातांवर टक्कन आपटला. त्यांनी मान जरा तिरकी केली आणि कडेने घालून बघितला. कसाबसा गेला. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"दाजी, आ करा बघू."

"दाढ सुजलीय."

"सुजली असेल. आ करा."

"तू टॉर्च विक. दवाखाना काढू नकोस."

मी काउंटरच्या बाहेर आलो. मी त्यांच्यापेक्षा वयाने लहान, कधी उलट बोललेलो नाही. पण त्या दिवशी त्यांच्या हनुवटीला हात घातला. त्यांनी तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, माझं एक बोट जाईल एवढी फट झाली आणि पुढे जबडा हलेना. त्यांनी माझा हात बाजूला केला, टॉर्च खिशात टाकला आणि निघून गेले. मी ताईला फोन लावला.

"मला म्हणाले दाढ काढायचीय," ताई म्हणाली. "म्हणून मी सगळं मऊ करून वाढते." मी दोनदा हॅलो म्हटलं. "उद्या ते कुठे कामावर आहेत ते मला माहितीय," ती म्हणाली. "तू ये माझ्याबरोबर. घरी विषय काढला तर ते उठून जातील."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या इमारतीत गेलो. लिफ्टपुढे 'काम चालू आहे'ची पिवळी पाटी, दार सताड उघडं, आणि खाली खड्ड्यात दाजी. तो करंगळीएवढा टॉर्चही त्यांच्या दातात नव्हता. हेल्मेटच्या पट्ट्यात कानापाशी खोचला होता आणि उजेड भलतीकडेच भिंतीवर पडत होता. दाजी जवळजवळ अंधारातच काम करत होते.

ताई खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. "अहो, वर या."

त्यांनी वर बघितलं. आधी तिला, मग मला. "काम अर्धं आहे."

"अर्धं राहू दे."

मागे दोन्ही हातांत पिशव्या घेतलेले एक आजोबा येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "लिफ्ट कधी चालू होणार?"

"आज नाही," ताई म्हणाली. तिने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. आजोबांनी तिचा चेहरा बघितला असावा, कारण ते निमूट जिन्याकडे गेले. दाजी शिडीवरून वर आले, हात पुसले, आणि ताईने त्यांचं मनगट धरलं ते दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर बाई वयाने लहान पण शांत होती. तिने खुर्ची मागे कलवली, दिवा ओढला आणि विचारलं, "किती दिवस झाले त्रास होतोय?"

"महिना, दीड महिना," दाजी म्हणाले.

तिने लाकडी पट्टी आत घातली आणि वाकून बघायला लागली. फट एवढीशी, तिला नीट दिसेना. ती दिवा इकडेतिकडे करत होती. दाजी छताकडे बघत होते. आणि मग पट्टी तोंडात असतानाच ते बोलले, कामावरच्या माणसाला सांगावं तसे.

"शेवटच्या दाढेच्या वर बघा. पांढरा डाग आहे तो नव्हे. त्याच्या खालची लाल कड. आधी शेंगदाण्याएवढी होती, आता गालभर झालीय."

डॉक्टरचा हात थांबला. "तुम्ही बघत होता?"

"रोज नाही."

माझ्या मागच्या खोलीत दार लावून, लाल वायर नि गंजका खिळा धरून या माणसाने माझ्याकडून कशासाठी टॉर्च निवडून घेतला होता, ते मला तेव्हा समजलं. लोखंडी दोरांसाठीही असेल. पण आधी यासाठी. मला इतका संताप आला की त्या खुर्चीतल्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. तो संताप अजून गेलेला नाही.

डॉक्टरने काही लपवलं नाही. सुरुवातीला आला असता तर छोटा तुकडा काढून भागलं असतं, म्हणाली. आता गाल, डावा जबडा आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, आणि तरीही मी शब्द देत नाही.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. ताईने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दोन वर्षं होतील."

ताईने मान हलवली, जणू एखाद्या गाडीची वेळ विचारली होती.

"मी कापून घेणार नाही," दाजी म्हणाले. "त्याचं कापलं होतं, जोडीदाराचं. परत कामावर आला तेव्हा मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. इतकी वर्षं एका टपावर उभे राहिलो आम्ही. तो बोलायला लागला की मी पाने मोजत बसायचो. त्याला कळत होतं. कळून तो गप्प बसायचा." एवढं बोलून त्यांना दम लागला. "मला तसं बसायचं नाही कुणासमोर."

"मी बघेन," ताई म्हणाली.

"म्हणायला सोपं असतं."

"अहो, मी बघेन म्हटलं ना."

ऑपरेशन झालं, आणि ताईने बघितलं. नळीने पेज घालताना, जखम पुसताना, आरसा मागितला तेव्हा आरसा धरताना, तिने त्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. मी काढली. मी औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायचो. मधे थोडे दिवस बरे गेले, दाजी गच्चीत बसून शेजारच्या इमारतीची लिफ्ट कशी चुकीची बसवलीय ते हातवारे करून सांगायचे. मग दुसऱ्या बाजूला गाठ आली. त्यानंतर डॉक्टरने कापायचं नाव काढलं नाही, आणि एका सकाळी ताई पेज घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते.

माणसं भेटायला आली. सुटले बिचारे, म्हणाली. तू किती केलंस त्यांचं, म्हणाली. ताई सगळ्यांना बसा म्हणत होती. सगळे गेल्यावर मी खुर्च्या गोळा करायला लागलो, तशी ती म्हणाली, "ते बाथरूमला कडी लावून बसायचे, आठवतंय? किती वेळ लागायचा."

मला काय आठवणार? तरी मी हो म्हटलं.

"आरशासमोर उभं राहून बघत असणार. मी बाहेरून दार वाजवायची. म्हणायची, किती वेळ लावता, झोप लागली का आत? एकदा तर मुलीला सांगितलं, बाबांचा नट्टापट्टा चाललाय. आम्ही दोघी हसलो. ते आतून ऐकत असतील ना रे?"

मी खुर्ची खाली ठेवली.

"ते गेले, हे मी कसंही करून सोसेन," ती म्हणाली. "पण दोन वर्षं तो माणूस एकटा घाबरत होता, आणि मी दाराच्या बाहेरच होते."