हेल्मी एकदाच विचारायची

हेल्मी गेली. काल सकाळी, सॉनासाठी लाकडं रचता रचता.

अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. कुणाकडून काही करून न घेता गेली.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

पस्तीस वर्षांपूर्वी माझे मिस्टर, प्रकाश, रिसर्चसाठी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले. युनिव्हर्सिटी तेव्हा नव्या लोकांना होस्ट फॅमिली, म्हणजे सुरुवातीला सांभाळून घेणारं कुटुंब, नेमून द्यायची. आम्हाला मिळाली फिनलंडहून आलेली ही जोडी, हेल्मी आणि तिचा नवरा एरो.

मी नागपूरची, बावीस वर्षांची, दहावी नापास. पहिल्याच दिवशी तिला "हेल्मी आंटी" म्हटलं.

ती म्हणाली, "मी तुझी आंटी नाही. हेल्मी."

म्हणून आजही एकेरीच लिहितेय. रागावू नका.

त्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला मिशिगनच्या पार उत्तरेला, तळ्याकाठच्या त्यांच्या कॉटेजवर नेलं. नळ नाही, संडास झाडीत, पाणी तळ्यातून बादलीने आणायचं.

मी प्रकाशना हळूच म्हटलं, "अहो, हे सोडूनच तर आपण अमेरिकेत आलो ना?"

जेवायला धुरावर भाजलेला मासा आणि शेपू घातलेले कोवळे बटाटे. इतकं चवदार की विचारू नका.

हेल्मीने विचारलं, "आणखी घेशील?"

"नो, नो, थँक यू."

आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. हे काय कुणाला शिकवावं लागतं?

हेल्मीने भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

तीन दिवस मी अर्धपोटी. शेवटी प्रकाश म्हणाले, "अगं, तिच्या लेखी नको म्हणजे नको. भूक असेल तर हो म्हण की!"

"असं कसं म्हणू? हावरट दिसेन."

"मग राहा उपाशी."

पुढच्या वर्षीपासून मी बॅगेत चिवडा नेऊ लागले. पण पहिल्या झटक्यात हो काही तोंडातून निघालं नाही.

तरी दरवर्षी जायचो. मला तिथल्या दुपारी आवडायच्या. जेवण झालं की ज्याने त्याने आपलं पुस्तक घ्यायचं, दोन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी वाचायला शिकले ती त्या कॉटेजच्या पायरीवर. "काय ते वाचत बसलीस" असं तिथे मला कुणी म्हटलं नाही.

चार वर्षांपूर्वी प्रकाश गेले.

नागपूरपासून शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी वस्तीपर्यंत सगळ्यांचे फोन आले. सगळे विचारायचे, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "हो, बरी आहे."

माझी मुलगी समता कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला असते. ती म्हणाली, "आई, आमच्याकडे राहायला येशील?"

मी म्हटलं, "बघ बाई, तुला सोयीचं असेल तसं."

तिने ते हो धरलं. इथेच जन्मलेली पोर, ती तरी काय करणार? ॲन आर्बरचं आमचं घर विकायला काढायचं ठरलं. एजंट येऊन खोल्यांचे फोटो काढून गेला. मी त्याला चहा दिला.

त्याच ऑगस्टमध्ये हेल्मी मला पूर्वेकडच्या मेन राज्यात घेऊन गेली. तिथे समुद्राकाठी तिच्या बहिणीची कॉटेज होती. एरो त्याआधीच वारला होता. आम्ही दोघी खडकावर बसून बटाटे सोलत होतो. धुकं इतकं की समुद्राचा फक्त आवाज येत होता.

हेल्मीने मान वर न करता विचारलं, "तुला मुलीकडे जायचंय का?"

मी "तिला सोयीचं..." म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

कारण ही बाई दुसऱ्यांदा विचारणार नव्हती. मी जे म्हणेन ते ती उचलून आत नेऊन ठेवणार होती.

"नाही," मी म्हटलं. "मला माझ्या घरात राहायचंय."

एवढ्या जोरात म्हटलं की तिची बहीण दारात येऊन बघू लागली.

हेल्मी म्हणाली, "बरं."

एक बटाटा सोलून झाल्यावर म्हणाली, "मग मुलीला सांग. मला सांगून काय होणार?"

तिथूनच फोन लावला.

"आई! बट आय आस्क्ड यू!"

"एकदाच विचारलंस."

"हाउ मेनी टाइम्स वॉज आय सपोज्ड टु आस्क?"

"तीन."

पलीकडे ती हसली. मग रडली. मग नाक ओढत म्हणाली, "ओके. डू यू वॉन्ट टु स्टे? डू यू वॉन्ट टु स्टे? आई, डू यू वॉन्ट टु स्टे?"

"हो गं. पहिल्यालाच हो होतं."

घर राहिलं. मीही राहिले.

सोपं गेलं असं म्हणणार नाही. पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मी फावड्याशी भांडायचे. प्रकाशांची आठवण रोज येते, अजून येते. पण आता ती येते तेव्हा मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी असते, याचं बरं वाटतं.

या वसंतात मी होस्ट फॅमिली होण्यासाठी युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला.

त्यात एक रकाना होता, कुटुंबात माणसं किती?

पेन हातात धरून बराच वेळ बसले. मग लिहिलं, एक.

त्यांना चाललं. पुढच्या महिन्यात घानाची एक मुलगी येतेय. एअरपोर्टवर तिला घ्यायला मीच जाणार आहे.

हेल्मी, शांतपणे जा.
तुला माझं अखेरचं अभिवादन. जय भीम.