जावयाचं आडनाव

मुलुंडला आमच्या समोरच्या घरात राहणारे काका कुणाचं नाव विचारत नाहीत, आडनाव विचारतात. मग गाव. तरीही जात कळली नाही, तर "म्हणजे मूळचे कुठले?" फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही.

त्यांच्या मुलीने नॉर्वेच्या मुलाशी लग्न केलं आणि काकांची पंचाईत झाली. त्या आडनावावरून काहीच कळेना. शेवटी नेटवर शोधाशोध करून त्यांनी मला जिन्यात गाठलं. "अरे, त्यांचं आडनाव म्हणजे शेताचं नाव! इनामदार घराणं असणार."

जावई आले तेव्हा काकांनी आम्हा शेजाऱ्यांना चहाला बोलावलं आणि सगळ्यांदेखत त्यांना आडनावाचा इतिहास विचारला. जावई इंग्रजीत म्हणाले, की पणजोबा त्या शेतावर राबायचे. तिकडे जो ज्या शेतावर राही, तो त्याचंच नाव लावी.

काकांनी गावाहून आलेल्या आपल्या ताईला भाषांतर करून सांगितलं, "मोठी जमीन होती म्हणतात."

"नाही बाबा," जावई हळूच मराठीत म्हणाले, "जमीन मालकाची. पणजोबा गडी."

काकांनी लाडवांची ताटली त्यांच्या तोंडापुढे धरली. "मराठी फारच लवकर शिकलात हो तुम्ही!"