चिंचोक्यांनी मोजलेलं वर्ष

माझ्या आत्याचे डोळे काचबिंदूने गेले. त्यात माझा हात नाही. पण डोळे जाण्याआधी तिला तिच्या मुलाचं तोंड बघता आलं असतं आणि ते बघता आलं नाही, याला माझ्याशिवाय दुसरं कुणी जबाबदार नाही. हे मी आजवर एकदाच मोठ्याने बोललो आहे. लिहितो आहे पहिल्यांदा.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात जुनी माणसं आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. आमच्या लोकांची खरी वस्ती अलिबागच्या बाजूला. रत्नागिरीत त्या वेळी आमची चारच घरं होती, तीही नोकरीपायी येऊन राहिलेली. प्रार्थनालय नव्हतं. सणावाराला सगळे माझ्या घरच्या पडवीत जमायचे आणि प्रार्थना मी वाचायचो, कारण चार घरांत हिब्रू वाचता येणारा मी एकटाच. तरुणपणी दोन उन्हाळे अलिबागकडच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे बसून मी ती शिकलो होतो. एरवी मी शाळेत इतिहास आणि गणित शिकवायचो.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा झालेली. आमच्याच आवारात मागच्या दोन खोल्यांत राहायची. एकुलता एक मुलगा बावन्न साली इस्राएलला गेला होता. त्याची मराठीत पत्रं यायची. तिला वाचता येत नसल्यामुळे ती मी वाचून दाखवायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो.

छप्पन्नच्या पावसाळ्यात तिला दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधाने थोडं लांबवता येईल. गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर धरून चाला." मी मुलाला तसं कळवलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं. इस्राएलला जाणाऱ्यांची नोंद करणाऱ्या मुंबईच्या कचेरीत त्याने आईचं नाव यादीत घातलं होतं. दसऱ्याच्या आत होकार कळवायचा, पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या की मुंबई गाठायची आणि तिथून विमान. पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, आईला म्हणावं, मला आता दाढी आहे, ओळखणार नाहीस.

आत्या हसली. "दाढी ठेवलीन? बापाला उगवत नव्हती."

त्याच दिवसांत मला मोजणीचं वेड लागलं होतं. आमच्या पवित्र शास्त्रात संदेष्ट्यांची जी पुस्तकं आहेत, त्यांत कुठे कुठे दिवसांचे आकडे येतात. इतके दिवस झाले म्हणजे शेवट, असे. हिब्रूत अक्षर हाच अंकही असतो, त्यामुळे कुठल्याही शब्दाची बेरीज करता येते. मसीहा, म्हणजे आमचा तारणहार, केव्हा येणार ते या आकड्यांत लपवून ठेवलं आहे, असं मानणारे आमच्यात पूर्वीपासून आहेत. गुरुजींनी मला शिकवताना बजावलं होतं, "वाच, गा, पाठ कर. मोजू मात्र नको. शेवटाचा दिवस मोजणाऱ्याला आपल्यात शाप आहे." तेव्हा मला वाटलं होतं, गुरुजींना गणित येत नसेल.

शनिवारी आम्हाला लिहायला बंदी. आणि वेळ मिळायचा तो शनिवारीच. म्हणून मी चिंचोके घेऊन बसायचो. चटईवर एकम, दशम, शतमच्या ओळी लावायच्या आणि रविवारी सकाळी उठल्याबरोबर वहीत उतरवायच्या.

आत्या दारात येऊन म्हणायची, "काय रे, डाव मांडलास? कोण जिंकतंय?"

मी म्हणायचो, "हात लावू नको."

दिवसाला एक वर्ष धरून मी मोजत गेलो. यरुशलेमेतल्या आमच्या देवळाच्या पहिल्या विध्वंसापासून सुरुवात केली आणि मोजणी थेट येत्या वर्षावर येऊन थांबली. भाद्रपदाच्या सुमाराला आमचा नव्याचा सण येतो, त्या दिवशी सुरू होणारं वर्ष. मग त्या वर्षाचा अंक मी ओळीओळीतून शोधू लागलो. एका ओळीतल्या चार शब्दांची बेरीज तीच आली. दुसऱ्या ठिकाणी ओळींची पहिली अक्षरं जुळवली, तिथेही तीच. आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. कारण मसीहा येण्याआधी काय काय होणार, तेही तिथेच लिहिलेलं होतं. सगळी राष्ट्रं यरुशलेमेवर चालून जातील. देशातल्या तीन वाट्यांपैकी दोन वाटे माणसं मरतील.

तेव्हापासून मला प्रत्येक गोष्टीत खूण दिसायला लागली. मांडवीच्या किनाऱ्यावर एका सकाळी लहान मासे मरून पडले होते. लोक पाट्या भरून खताला नेत होते. मी तिथेच उभा राहिलो. आमचे शेजारी, मुसलमान तांडेल, बसऱ्यापर्यंत गलबतं नेऊन आलेले, तेही तिथे होते.

"काय मास्तर, पांढरे पडलात? दर दोन-तीन वर्सांनी मरतात हे. पाणी फिरतं."

मी त्यांना आडून विचारलं, तुमच्यात शेवटच्या दिवसाच्या खुणा काय सांगतात.

ते हसले. "आमचाही यायचाय कोणीतरी. तुमचा आला की सांगा, दोघांना एकाच मचव्यातून उतरवून घेऊ. भाडं अर्धं पडेल."

मला हसू आलं नाही.

आत्याने जायचं की नाही, हे ठरवण्यासाठी नवस केला. आमच्यात रथातून आकाशात गेलेल्या नबीचा मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, असं ताट मांडायचं आणि प्रार्थना म्हणायची. हाच नबी मसीहाच्या पुढे वर्दी द्यायला येणार, अशी आमची श्रद्धा. चारी घरं जमली. प्रार्थना मी म्हटली. मलिदा वाटून झाल्यावर आत्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू एवढं बघतोस पोथीत. मी जाऊ की नको, काय ता सांग."

मी 'माहीत नाही' म्हणू शकलो असतो. पण महिनाभर मी जे भय एकट्याने वाहत होतो, ते कुणाच्या तरी पदरात टाकायची संधी मला दिसली. मी सगळं सांगितलं. वर्ष सांगितलं, लढाई सांगितली. म्हणालो, "या वर्षी तिकडे पाऊल टाकू नको. वर्ष सरलं की मसीहाच सगळ्यांना नेईल, आपल्याला कुणाच्या यादीत नाव घालावं लागणार नाही."

"आणि माझे डोळे रे?"

"मसीहा आल्यावर आंधळ्यांना दिसेल, असं लिहिलेलं आहे."

हे मी म्हणालो. तिने दोन्ही हातांनी माझे हात धरले आणि आदर दाखवायच्या आमच्या रीतीप्रमाणे स्वतःची बोटं ओठांना लावली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या सांगण्यावरून मुलाला पत्र लिहिलं, आई यंदा येत नाही.

दिवाळीच्या तोंडावर सुवेझची लढाई पेटली. वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं आणि इस्राएलचं नाव मोठ्या अक्षरांत बघून मी बाकावर बसून राहिलो. माझा हिशेब खरा ठरला होता. तांडेल सांगत आले की कालव्यात जहाजं बुडवून वाट बंद केली आहे, आणि या खेपेला ते हसत नव्हते. "मास्तर, तुमच्या किताबात हे आधीच होतं?" त्यांनी विचारलं. आमच्या चार घरांत तर माझ्यापुढे कुणी मोठ्याने बोलेना. आत्या ज्याला त्याला सांगायची, "भाच्यानं वाचवलं मला." पण तिचा मुलगा त्या लढाईत होता की नव्हता, हे दोन महिने कळलं नाही. त्या दिवसांत ती रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहायची, आणि मी घरात लपायचो. मुलाचं काही झालं असतं तर तेही माझ्या मोजणीतच बसलं असतं. हा विचार मला जेवू देत नव्हता.

मुलगा सुखरूप होता. जानेवारीत त्याचं पत्र आलं. लढाई थांबली आहे, आईचं नाव मी होळीपर्यंत धरून ठेवायला लावलं आहे, आता तरी पाठवा.

त्याच आठवड्यात मी वर्गात प्राचीन जगाचा धडा घेत होतो. इराणच्या बादशहाने बाबिलोन जिंकलं, ते वर्ष मी फळ्यावर लिहिलं आणि खडू हातात तसाच राहिला. त्याच बादशहाने आमच्या पूर्वजांना घरी परत जाऊ दिलं होतं. ती घटना आमच्या परंपरेच्या गणतीतही आहे, पण ते वर्ष फळ्यावरच्या वर्षाशी जुळत नव्हतं. मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन मी वही काढली. शाळेच्या इतिहासात आणि आमच्या जुन्या गणतीत त्या काळापुरतं दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर पडतं. मी विध्वंसाचं वर्ष घेतलं होतं शाळेच्या पुस्तकातून आणि शेवटचं वर्ष आमच्या पंचांगातून. इतिहास शिकवणारा आणि प्रार्थना वाचणारा एकच माणूस नसता, तर ही चूक कुणाच्या हातून झालीच नसती. सरळ मोजलं तर माझं वर्ष कुठेच येत नव्हतं. आणि चार शब्दांची बेरीज? तेवढ्या ओळी चाळल्या असत्या तर कुठलंही वर्ष सापडलं असतं.

म्हणजे लढाई झाली होती ती माझ्या वहीमुळे नव्हे. ती नुसती झाली होती.

संध्याकाळी आत्या माझ्याकडे आली. चालताना तिचा हात भिंतीवरून सरकत होता. पत्र मी तिला वाचून दाखवलं होतंच.

"पोथी काय म्हणते आता?" तिने विचारलं.

वही माझ्या मांडीवर उघडी होती. त्या क्षणी मला शापाचं भय नव्हतं, शेवटाचंही नव्हतं. माझा शब्द खाली पडेल, तांडेल हसतील, चार घरांतली माणसं प्रार्थनेला बसतील तेव्हा माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील, एवढंच भय होतं. ते इतकं मोठं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, "तेच म्हणते."

"मग नाय जात," ती म्हणाली आणि भिंतीला धरून परत गेली.

माझी बायको आतून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमचा आवाज खोटा येत होता." मी तिला गप्प बसवलं.

होळी गेली. मे महिन्यात आत्याने तांदूळ निवडायचं सोडलं. पावसाळ्यात ती पायरी चुकून पडली. आता तिला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. नव्याचा सण आला आणि माझं वर्ष काहीही न होता संपलं. मला कुणी विचारायला आलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग आली दारफाळणी. हा आमचा उपासाचा सण, पापांची क्षमा मागण्याचा. दिवसभर दारं लावून, पांढरे कपडे घालून प्रार्थना करायची. पण माणसाचा अपराध देव माफ करत नाही, तो त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो, म्हणून आदल्या दिवशी सगळे एकमेकांना भेटून म्हणतात, वर्षभरात काही भूलचूक झाली असेल तर माफ कर. मी आत्यापुढे वाकलो आणि तेवढंच म्हणालो. तिनेही रीतीप्रमाणे, "माफ, तूही मला कर," असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी अपराधांची लांब यादी मी सगळ्यांच्या वतीने वाचली. खोटं बोलल्याची ओळ आली तेव्हा माझा आवाज नेहमीसारखाच लागला. त्याची मला अजून लाज वाटते.

तिचं नाव यादीत पुन्हा लागायला अठ्ठावन्नचा ऑक्टोबर उजाडला. त्या वर्षीच्या दारफाळणीलाही मी तेच मोघम वाक्य म्हणालो होतो.

मी तिला मुंबईपर्यंत पोचवायला निघालो. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि धक्क्यावरून मचव्यातून तिच्यापर्यंत जावं लागायचं. सकाळची वेळ होती. मचवा तांडेलांच्या भावाचा, पण आत्याला नीट चढवायचं म्हणून सुकाणूवर तांडेल स्वतः बसले होते. आत्या माझ्या शेजारी, बोचकं मांडीवर घेऊन.

"बोट दिसते काय रे?"

"दिसते. धूर सोडतेय."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्याची दाढी हातानं कळेल. कळेल ना?"

मी म्हणालो, "आत्या, मला माफ कर."

"दारफाळणीला केलं ना. दोनदा केलं. किती वेळा करू?" ती वैतागली होती. मग तिचा चेहरा माझ्या दिशेने वळला, थोडा बाजूला, आवाज येत होता तिथे. "कशाबद्दल ते तू सांगितलं नायस कधी."

वल्ही मारणारे दोघे आणि तांडेल, तिघांनाही ऐकू जात होतं. तांडेलांनी समुद्राकडे बघायला सुरुवात केली. मला वाटलं, मुंबईत सांगावं, बोटीवर सांगावं, पत्रात लिहावं. पण पत्र तिला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं.

मी म्हणालो, "आत्या, माझी मोजणी चुकली होती. दोन वेगळ्या गणतींची वर्षं मी एकात एक मिसळली. ते मला गेल्या साली जानेवारीतच कळलं होतं, तुला अजून थोडं दिसत होतं तेव्हा. तू संध्याकाळी विचारायला आलीस, तेव्हा चुकीची वही माझ्या मांडीवर उघडी होती. पोथी काहीच म्हणत नव्हती. मी खोटं बोललो, कारण लोकांत माझी मान खाली जाईल म्हणून मी घाबरलो. तू वेळेवर गेली असतीस तर तुला तो दिसला असता. डोळे परत येतील असं सांगायचा मला काही अधिकार नव्हता, तेही मी सांगितलं. भूलचूक म्हणून नाही, समजून-उमजून मी तुझ्याशी असं वागलो. त्याबद्दल मला माफ कर."