गतिरोधकावर टेकलेली स्पोर्ट्स कार

माझ्या मित्राने लातुरात उघड्या टपाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेतली आणि मिरवायला मला निलंग्याला नेलं. गावाबाहेरच्या गतिरोधकावर तिचं पोट टेकलं. समोरच्या ट्रॅक्टर गॅरेजातले म्हातारे मिस्त्री आले. टोपी काढून खिशात ठेवली, रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली तळहात घालून पाहिला. तो शिरला नाही.

मित्र म्हणाला, "चाचा, चार सेकंदांत शंभरवर जाते."

"जात असंल," ते धूळ झटकत म्हणाले. "घरी माणसं किती हायत?"

"पाच."

"मग तिघांना मागं टाकून एवढ्या घाईनं कुठं चाललाव?"

फळ्या लावून त्यांनी गाडी काढून दिली. परतताना मित्र चाळीसच्या वर गेला नाही, आणि त्याच्या बायकोच्या सीटवर बसल्याची मला लाज वाटत राहिली.