मंगळवारच्या होड्या

आराबा मेन्सिमा जन्मली मंगळवारी. घानाच्या किनाऱ्यावर मंगळवारच्या मुलीला आराबाच म्हणतात. आणि मंगळवारी तिच्या गावात कुणी होडी पाण्यात घालत नाही. तो दिवस समुद्राचा. त्यामुळे घरात काही सांडलं-लवंडलं की आई एफुआ म्हणायची, "सुट्टीच्या दिवशी जन्मलेली कार्टी, हिच्याकडून दुसरं काय होणार!" आता गंमत बघा, गावातून विद्यापीठात गेलेली पहिली पोरगी हीच निघाली.

शेवटच्या वर्षी ऑनर्सचा प्रबंध आला. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत आराखडा मंजूर झाला नाही, तर प्रबंधही नाही आणि ऑनर्सही नाही. आराबाने झोकात नऊ पानं लिहून नेली: समुद्र आणि मानवी जीवन.

मार्गदर्शक दादझीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "समुद्र पिऊन टाकायला निघालीस का गं? घागरभर घे. एक प्रश्न आण. एकच!"

मग तिने होड्यांवर रंगवलेली वचनं धरली. दर शनिवारी-रविवारी गावी जाऊन एक्केचाळीस वचनं उतरवली. अर्ध्या होड्या समुद्रात असायच्या, उरलेल्या एक इकडे, एक तिकडे. जी दिसेल तिचं वचन वहीत.

"ही यादी झाली," बाई म्हणाल्या. "प्रश्न कुठाय?"

मुदतीच्या आठवड्यातला सोमवार होता तो. आराबा तोंड पाडून तडक घरी आली. मंगळवारी सकाळी आईने हातात केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचा, डबा कोंबला. "जा, क्वामेनामामाला देऊन ये. रडायचं तर तिकडे रड, माझी मासळी खारट होतेय."

क्वामेनामामा म्हणजे गावातल्या समस्त होड्यांचा रंगारी. होड्या जागच्या हलत नाहीत म्हणून त्याचं सगळं काम मंगळवारीच. आराबा त्याच्या शेजारी वाळूत बसली, नाक पुसलं, वर पाहिलं. साऱ्या होड्या खांद्याला खांदा लावून ओळीत उभ्या होत्या. तिने वाचलं, 'तोंडाने जाळं भरत नाही.' शेजारी दुसरी होडी, 'मग कान कशाला टवकारतेस?' तिच्या पलीकडे तिसरी, 'दोघींच्या भांडणात मासा पळाला.'

"मामा, अरे या भांडताहेत!"

"मग तुला काय वाटलं, लग्नाची गाणी म्हणताहेत?" मामाने केंकीचा घास तोंडात टाकला. "किनाऱ्यावर तोंडाने भांडलं, तर मुख्य नाखव्याकडे एक मेंढा दंड. रंगाला दंड नाही."

"पहिली होडी कुणाची रे?"

मामाने ब्रश झटकला. "स्वतःच्या घरची होडी ओळखत नाही? तुझ्या आईची. मागच्याच मंगळवारी तिने जुनं वचन खोडायला लावलं. आणि शेजारची तुझ्या एसीमावशीची."

आराबा धावत घरी. आई भट्टीवर मासे उलटत होती.

"आई, मावशीशी काय वाजलं?"

"आमचं? छे! सख्ख्या बहिणी आम्ही."

"होडीवर तर..."

"होडी बोलते. मी बोलले का?"

त्या दुपारी आराबाने एकच पान लिहिलं. तोंडाने बोलायची बंदी असलेल्या किनाऱ्यावर कोणती होडी कोणाला उत्तर देते? सगळ्या नकोत, ओळीतल्या निवडक होड्या बारा, मंगळवार बारा. जुन्या रंगाखाली दडलेली वचनं मामाला विचारायची. शेवटी, यातली एक बाजू माझी आई आहे, हेही तिने प्रामाणिकपणे नोंदवलं.

गुरुवारी बाईंनी ते पान दोनदा वाचलं. "वीस वर्षं त्या गावात वाढलीस. हे आधी का नाही दिसलं?"

"मंगळवारी किनाऱ्यावर बघण्यासारखं काही नसतं, बाई. म्हणून कधी कुणी जातच नाही."

बाई खदखदून हसल्या आणि हसता हसता सही केली.

पुढच्या मंगळवारी आराबा नवी वही घेऊन किनाऱ्यावर पोचली. आईच्या होडीवर ओल्या निळ्या रंगात नवं वचन चमकत होतं, 'माझी मुलगी सगळं लिहून घेते.' आणि एसीमावशी कमरेचं कापड घट्ट खोचून, रंगाचा डबा घेऊन मामाच्या पुढ्यात उभी होती.

"क्वामेना, आटप लवकर," ती म्हणाली. "आणि अक्षर मोठं काढ हो. पोरीला नीट वाचता आलं पाहिजे!"

आराबाने वही उघडली, तारीख घातली आणि वाळूत मांडी ठोकून बसली.